हैबतीच्या पोरीचं पोट

कुसळवाडीत हैबती नावाचा एक भोळा दूधवाला राहायचा. भोळा म्हणजे किती? बैल हाक म्हटलं, की तो बैलाला हाका मारायचा. बैल यायचा नाही. मग हैबती म्हणायचा, "बैल बहिरा आहे."

त्याची एक म्हैस होती, मैनी. एक बायको होती, साळू. आणि एक पोरगी होती, बकुळा. तिघींवर त्याचा फार जीव. साळू म्हणायची, सगळ्यात जास्त म्हशीवर. पण ते खरं नव्हतं. सगळ्यात जास्त बकुळेवर होता.

बकुळा लहान होती, काटकुळी होती, आणि तिचं पोट दुखायचं. खाणं झालं की जरा वेळानं पोट फुगायचं, आत गुडगुड व्हायचं, आणि पोरगी गुडघे छातीशी घेऊन कोपऱ्यात पडायची. मग उठून परसाकडं पळायची. हैबती तिच्या पोटाला कान लावून बसायचा.

"काय ऐकू येतंय?" साळू विचारायची.

"ढग," तो म्हणायचा, आणि त्याचे डोळे भरून यायचे.

पोरीच्या अंगात ताकद यावी म्हणून तो तिला पेलाभर दूध पाजायचा. दूध प्यायलं की पोट आणखी दुखायचं. पोट दुखलं की हैबती आणखी पेलाभर पाजायचा.

शेवटी साळू म्हणाली, "आता दवाखान्यात न्या हिला."

दवाखाना शेजारच्या गावात होता. तिथं एक डॉक्टरीणबाई बसायच्या. त्यांनी बकुळेचं पोट दाबलं, जीभ बघितली, वजन केलं.

"काय खाल्ल्यावर दुखतं?"

"जेवण," हैबती म्हणाला.

"जेवणात काय?"

"जे असेल ते."

बाईंनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "हिच्या पोटाला काहीतरी सोसत नाहीये. काय ते आपल्याला शोधायचंय. एका वेळी एकच पदार्थ बंद करा. थोडे दिवस बघा. दुखायचं थांबलं, तर चोर सापडला. नाही थांबलं, तर तो पुन्हा सुरू करा आणि दुसरा बंद करा. कळलं?"

"कळलं," हैबती म्हणाला. त्याला नेहमीच कळायचं.

तो घरी आला. साळू खुरपायला गेली होती. हैबतीनं तिची लग्नातली पत्र्याची पेटी ओढून पुढं घेतली. आत एक भाकरी ठेवली. कुलूप लावलं. किल्ली कनवटीला खोचली.

"भाकरी बंद झाली," तो बकुळेला म्हणाला. "आता तू जेव."

बकुळेनं टोपलीतली दुसरी भाकरी घेतली, दुधात कुस्करली आणि खाल्ली. पोट दुखलं.

"भाकरी चोर नाही," हैबती म्हणाला. त्यानं भाकरीला सोडून दिलं आणि वांग्याची भाजी बंद केली. बकुळेनं दूधभात खाल्ला. पोट दुखलं. वांगीही सुटली. मग आमटी बंद केली. आमटी पेटीत थांबेना. फटीतून बाहेर यायला लागली.

"पळतेय!" हैबती ओरडला. "हीच चोर!" आणि तो पेटीवर चढून बसला.

पण पोट दुखतच होतं. आमटीलाही सोडावं लागलं. शेवटी त्यानं तांब्याभर दूध पेटीत बंद केलं. झाकण लावताना तांब्या कलंडला.

साळूला घरात वास यायला लागला. तिनं कनवटीची किल्ली काढून घेतली आणि पेटी उघडली. आत तिचा लग्नातला शालू होता. त्याला आमटी लागली होती, वांगं लागलं होतं, आणि वरून दूध नासलं होतं.

"अहो, हे काय?"

"पोरीचा इलाज चाललाय."

"माझा शालू!"

"तोसुद्धा बंदच आहे," हैबती म्हणाला. "पण त्यानं काही फरक पडला नाही."

साळू कपाळाला हात लावून खाली बसली. "अहो, बंद करायचं म्हणजे पेटीत घालायचं नाही. पोरीला खायला द्यायचं नाही, असं!"

"मग बाईंनी तसं सांगायला पाहिजे होतं," हैबती म्हणाला. त्याला बाईंचा थोडा रागच आला.

पुढं साळूनंच सगळं हातात घेतलं. भाकरी थांबवून बघितली. डाळ थांबवून बघितली. मग दूध थांबवलं. आणि बकुळेचं पोट गप्प झालं. हैबतीनं कान लावला, पुन्हा लावला, दुसरा कान लावला.

"ढग गेले," तो म्हणाला.

खात्री करायला साळूनं एकदा अर्धी वाटी दूध दिलं. ढग परत आले. चोर सापडला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरोबर. दुधात एक साखर असते, ती हिच्या पोटाला पचत नाही. कुणाकुणाचं पोट असं असतं. घाबरायचं काही नाही. दूध, खीर, बासुंदी, पेढा, हे हिला नको. ताक थोडं थोडं देऊन बघा, ते पुष्कळांना सोसतं. नाचणी द्या, डाळ द्या, तीळ द्या, अंडं द्या. पोरगी अंग धरेल. पण तुमचं पडलं दूधवाल्याचं घर. तेव्हा डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा."

हैबती घरी आल्यावर गोठ्यात गेला आणि मैनीच्या कपाळावर हात ठेवून म्हणाला, "तुझा काही दोष नाही. मीच पाजत होतो."

मग घरात आला आणि त्यानं डोळ्यांत तेल घातलं.

करडईचं तेल होतं. डोळ्यांची आग आग झाली. समोरचं सगळं पुसलं गेलं. पण हैबती हलला नाही. बकुळेच्या शेजारी मांडी घालून बसला आणि दोन्ही डोळ्यांतून धारा वाहत असताना म्हणत राहिला, "बघतोय हं मी. माझं लक्ष आहे."

चुलीपाशी दुधाचं पातेलं निवत होतं. वर जाड साय आली होती. साय म्हणजे बकुळेचा जीव की प्राण. तिनं बापाच्या नाकासमोर हात हलवून बघितला.

"काय गं?" हैबती म्हणाला.

"काही नाही."

"नाहीच काही. मी बघतोय ना."

पोरीनं पातेलं बापाच्या मांडीवर आणून ठेवलं आणि सगळी साय खाल्ली. जरा वेळानं ढग गडगडले. साळू धावत आली. बघते तर पोरगी कोपऱ्यात, पातेलं नवऱ्याच्या मांडीवर, आणि नवरा खांबाकडं तोंड करून बसलेला.

"लक्ष कुठं होतं तुमचं?"

"पोरीवर," हैबती खांबाकडं बोट दाखवून म्हणाला.

साळूनं त्याचे डोळे धुतले. धुता धुता समजावलं. "डोळ्यांत काही घालायचं नाही. फक्त विचारायचं. पोरीला काहीही द्यायच्या आधी विचारायचं, यात दूध आहे का?"

"एवढंच ना?" हैबती म्हणाला. त्याला हे फार सोपं वाटलं.

दुसऱ्या दिवशी साळू शेतात गेली. बकुळेला भूक लागली. हैबतीनं भाकरी हातात घेतली, तोंडासमोर धरली आणि विचारलं, "तुझ्यात दूध आहे का?"

भाकरी बोलली नाही.

"लाजू नकोस. आहे का?"

भाकरी बोलली नाही. हैबतीनं तिला उलटी करून विचारलं.

"आबा, भूक लागली," बकुळा म्हणाली.

"थांब. ही काहीतरी लपवतेय."

साळू आली तेव्हा भाकरी वाळून कडक झाली होती, पोरगी उपाशी होती, आणि हैबती कांद्याला विचारत होता. साळूनं आधी पोरीला जेवू घातलं. मग म्हणाली, "अहो, भाकरीला नाही विचारायचं! माणसाला विचारायचं! माणसाला विचारल्याशिवाय कुणाच्याही भांड्यात काही घालायचं नाही!"

"माणसाला. बरं."

सकाळी हैबती दूध घालायला निघाला. पहिलं घर चंद्राक्काचं. चंद्राक्कानं पातेलं पुढं केलं. हैबतीनं कासंडी खाली ठेवली.

"चंद्राक्का, यात दूध आहे का?"

"कशात?"

"माझ्या कासंडीत."

"अरे, ते तू मला विचारतोस?"

"माणसालाच विचारायचं असतं."

चंद्राक्कानं कासंडीत डोकावून बघितलं. मग त्याच्याकडं बघितलं. "दूध नाही तर काय आहे त्यात? पाणी?"

"पाणी आहे का?" हैबतीनं घाबरून विचारलं.

चंद्राक्कानं पातेलं मागं घेतलं आणि दार लावलं. पुढच्या घरी हैबतीनं तेच विचारलं. त्याच्या पुढच्या घरीही विचारलं. दुपारपर्यंत वाडीभर झालं, की हैबती दुधात पाणी घालतो, आणि इतकं घालतो की आता त्याचं त्यालाच ओळखू येत नाही. दुसऱ्या दिवशी कुणीच दूध घेतलं नाही. भरलेली कासंडी भरलेलीच घरी आली.

साळू दारोदार फिरली. लोकांसमोर धार काढून दाखवली, शपथा घेतल्या, हातापाया पडली. तेव्हा कुठं लोक पुन्हा दूध घ्यायला लागले. घरी येऊन ती हैबतीला म्हणाली, "हात जोडते तुम्हाला. आता गावात तोंडातून दुधाचं नावसुद्धा काढू नका."

"नाही काढत," हैबती म्हणाला. आणि त्यानं काढलं नाही.

पुढं तुळसाकाकूच्या नातवाचं बारसं आलं. अंगणात पंगत बसली. साळू आत बायकांमध्ये होती. हैबती बकुळेला शेजारी घेऊन बसला होता. तुळसाकाकू वाढत वाढत आली आणि तिनं बकुळेच्या पानात वाटीभर शेवयांची खीर ठेवली.

हैबतीनं वाटीवर हात ठेवला. "नको."

"का रे? पोरीला आवडत नाही?"

"आवडते. पण तिच्यात ते आहे."

"काय आहे?"

"ते. पांढरं."

"शेवया?"

"शेवया नव्हे. ज्यात शेवया आहेत ते."

"वाटी?"

हैबतीला घाम फुटला. नाव काढायचं नव्हतं आणि खीर बकुळेच्या ओठांपासून हातभर लांब होती. मग त्याला सुचलं. तो पानावरून उठला, अंगणाच्या मधोमध चार पायांवर उभा राहिला, मान वर केली आणि मैनीसारखा ओरडला. कुणाला काही कळेना. तो आणखी जोरात ओरडला. मागच्या पायानं माती उकरली. डोक्यानं तुळसाकाकूला ढुशी दिली.

"अगं बाई!" एक म्हातारी किंचाळली. "म्हसोबा आला! हैबतीच्या अंगात म्हसोबा आला!"

पंगत उठली. कुणी हळदकुंकू आणलं, कुणी अंगारा आणला. हैबतीच्या कपाळाला मळवट भरला गेला.

"देवा, काय पाहिजे?" सगळ्यांनी हात जोडून विचारलं.

हैबतीनं बकुळेच्या पानातल्या खिरीकडं बोट दाखवलं आणि जोरजोरात मान हलवली.

"देवाला खीर पाहिजे!"

वाटी त्याच्यापुढं आली. ही पुन्हा पोरीच्या पानात जाऊ नये म्हणून हैबतीनं ती एका दमात पिऊन टाकली. लोकांनी दुसरी आणली. तीही त्यानं संपवली. मग पातेलंच आणलं. एका बाईनं पायावर डोकं ठेवलं. "देवा, माझ्या गणपाचं लग्न यंदा होईल का?"

हैबतीचं तोंड भरलेलं होतं. पातेल्यात अजून किती खीर राहिली ते बघून त्यानं हताशपणे नकाराची मान हलवली. ती बाई रडत घरी गेली आणि तिनं ठरत आलेली सोयरीक थांबवली.

त्या दिवशी बकुळेच्या पोटात खिरीचा थेंब गेला नाही. हैबतीच्या पोटात मात्र अख्खं पातेलं गेलं. तो गुडघे छातीशी घेऊन कोपऱ्यात पडला आणि बकुळा त्याच्या पोटाला कान लावून बसली.

"ढग आहेत," ती म्हणाली.

साळूला रागही येईना. ती त्याच्या उशाशी बसून म्हणाली, "अहो, एवढं सोंग कशाला? सरळ म्हणायचं ना, पोरीला दूध सोसत नाही."

"नाव घेऊन?"

"नाव घेऊन. कुणी विचारलं की तेवढंच सांगायचं."

तेवढंच तो सांगायला लागला. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "कुठं जायचं?" हैबती म्हणाला, "पोरीला दूध सोसत नाही." तलाठ्यानं नाव विचारलं, तेव्हाही तो तेच म्हणाला. पण एक झालं. बकुळेला दूध चालत नाही हे वाडीतल्या पोरासोरांना पाठ झालं. कुणी तिच्या हातावर पेढा ठेवेना. शेंगदाणे ठेवायचे, गूळ ठेवायचे. पोरीच्या गालांवर मांस आलं. ती अंगणात पळायला लागली.

मग कोजागिरी जवळ आली.

चावडीपुढं सगळ्या वाडीनं मिळून दूध आटवायचं ठरलं. बाकीच्या म्हशी आटल्या होत्या. दूध मैनीचंच घ्यायचं, असं सगळ्यांनी ठरवलं. साळूला फार आनंद झाला. वाडीचा विश्वास परत आला होता.

पण बकुळा उंबऱ्यावर बसून रडायला लागली. "सगळी पोरं दूध पितील. मी काय पिऊ? मी नुसता चंद्र बघू?"

हैबतीनं साळूकडं बघितलं.

"तुला मी गोड ताक करते," साळू म्हणाली. "वेलदोडा घालून. बाईंनी सांगितलंय, ताक चालेल. परवा दिलं होतं तेव्हा कुठं दुखलं?"

तिनं दूध गरम केलं. हैबती शेजारी बसून बघत होता.

"आता काय करतेस?"

"विरजण लावतेय. आधी कोमट करायचं. करंगळी बुडवून बघायची. मग थोडं दही घालायचं. वर उबदार पांघरूण घालायचं. आणि मुळीच हलवायचं नाही."

"मग?"

"मग ते दूध राहत नाही. दही लागतं. त्याचं ताक केलं की पोरीला सोसतं."

हैबती त्या भांड्याकडं बराच वेळ बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी साळूनं ताक घुसळलं, त्यात गूळ आणि वेलदोडा घातला, आणि बकुळेचा पेला भरून झाकून ठेवला. मग ती दुधात घालायला चारोळ्या आणायला बाजाराला निघाली. जाताना म्हणाली, "दिवस कलला की मैनीची धार काढा. चंद्र वर यायच्या आत दूध चावडीवर गेलं पाहिजे. आणि पोरीसाठी पुन्हा विरजण लावून ठेवा, म्हणजे उद्याची काळजी नाही."

साळू गेली. हैबती विचार करत बसला. वाटीभर दुधाला विरजण लावलं, तर वाटीभरच दही होणार. बाकीचं दूधच राहणार. दूध राहिलं की भीती राहिली. लक्ष ठेवा, विचारा, सांगा. आज वाटीला लावा, उद्या वाटीला लावा. हे किती दिवस चालायचं? पोरगी मोठी होईल, सासरी जाईल. आणि हे दूध येतं तरी कुठून?

तो उठला. त्याचा चेहरा उजळला होता.

चंद्र वर आला. चावडीपुढं चूल पेटली, मोठं पातेलं चढलं, पोरं पेले घेऊन बसली. दूध येईना. वाट बघून बघून सगळी वाडी हैबतीच्या दारात आली. साळूही तेवढ्यात बाजारातून आली.

गोठ्याचं दार लोटलेलं होतं. दारात हैबती ओठांवर बोट ठेवून बसला होता.

"शू!" तो म्हणाला. "पाय वाजवू नका."

पाटलांनी कंदील वर धरला. आत मैनी बसलेली होती. तिच्या अंगावर घरातल्या सगळ्या गोधड्या होत्या. त्यांच्यावर हैबतीचं घोंगडं होतं, आणि त्याच्यावर चंद्राक्काची वाळत घातलेली सतरंजी. तिच्याभोवती चार शेगड्या धुमसत होत्या. तोंडाला, शिंगांना आणि कासेला दही फासलेलं होतं. समोर एक मोठं गाडगं चाटून पुसून रिकामं पडलं होतं. मैनी डोळे मिटून रवंथ करत होती. इतकं सुख तिला आजवर कुणी दिलं नव्हतं.

"हैबती," पाटील म्हणाले, "हे काय आहे?"

"विरजण लावलंय," हैबती म्हणाला.

"कुणाला?"

"मैनीला. आधी कोमट केली. करंगळी लावून बघितली. मग दही घातलं. चमचाभर पुरेना, म्हणून गाडगंभर घातलं. आता हिच्यात दूध राहणार नाही. पोरीला जन्मभर भीती नाही."

साळूच्या हातातली चारोळ्यांची पुडी खाली पडली.

"धार काढली का?" तिनं बारीक आवाजात विचारलं.

"खुळी आहेस का? धार काढली तर हलेल ना!"

पोरं रिकामे पेले घेऊन उभी होती. त्या रात्री अख्ख्या वाडीत एकच पेला भरलेला होता. बकुळा उंबऱ्यावर बसून गोड ताक पीत होती. तिचं पोट दुखत नव्हतं. हैबतीनं तिच्याकडं बघितलं आणि त्याला धन्य धन्य वाटलं.

"अरे बाबा, मग आम्ही आज काय प्यायचं?" पाटलांनी विचारलं.

"आज काही नाही. सकाळपर्यंत लागेल," हैबती हळूच म्हणाला. "सकाळी सगळे या. आणि येताना चार दांडगे गडी आणि एक मोठा दोर आणा. म्हैस आहे, मला एकट्याला घुसळवायची नाही."